पेन ड्राइव्ह लावताच लिनक्समध्ये काय घडते?

वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्रीची साडेदहाची वेळ म्हणजे पहिल्या आवृत्तीची घाई. अशाच एका रात्री प्रस्तुत प्रतिनिधीने लिनक्स संगणकावरून छायाचित्रांचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतले, 'कॉपी'ची खिडकी बंद झालेली पाहिली आणि ड्राइव्ह उपसून पान लावणाऱ्या सहकाऱ्याच्या टेबलाकडे धाव घेतली. तेथे फोल्डर उघडले तेव्हा फायलींची नावे जागेवर होती. परंतु शेवटच्या काही छायाचित्रांच्या आत काहीच नव्हते. ड्राइव्ह बिघडलेला नव्हता आणि संगणकही नादुरुस्त नव्हता. चूक होती ती समजुतीची. ज्या सोयीमुळे पेन ड्राइव्ह खोचताच त्याचे चिन्ह पडद्यावर झळकते, त्याच सोयीमुळे तो 'जोडलेला' आहे आणि म्हणून तो 'सोडवावा' लागतो, याचा आपल्याला विसर पडतो. ही जोडणी नेमकी कशी होते, याचा हा परिचय.

एकच वृक्ष

विंडोज प्रणालीत प्रत्येक डिस्कला सी, डी, ई असे स्वतंत्र अक्षर मिळते. लिनक्सने मात्र युनिक्सची परंपरा स्वीकारली. तेथे संगणकावरील साऱ्या फायली एकाच वृक्षाच्या फांद्या मानल्या जातात. या वृक्षाचे मूळ 'रूट' या नावाने ओळखले जाते आणि बाहेरून आलेली कोणतीही डिस्क या वृक्षावरील एखाद्या रिकाम्या फोल्डरवर कलम करावी तशी बसवावी लागते. या क्रियेला 'माउंट करणे' आणि ती डिस्क पुन्हा मोकळी करण्याला 'अनमाउंट करणे' म्हणतात. माउंट झाल्याखेरीज ड्राइव्हवरील एकही फाइल दिसत नाही, मग तो संगणकाला कितीही घट्ट खोचलेला असो.

हे काम पूर्वी हातानेच करावे लागे. माउंट करण्याचा अधिकार प्रशासकाचा, म्हणजे 'रूट' वापरकर्त्याचा. सामान्य वापरकर्त्याला ती मुभा द्यायची झाल्यास प्रशासकाने 'एफएसटॅब' या फाइलमध्ये त्या उपकरणाची ओळ आधीच लिहून ठेवायची. मात्र ती ओळ एका ठरावीक नावाला बांधलेली असे, आणि अडचण नेमकी तेथेच होती. यूएसबी ड्राइव्हला लिनक्समध्ये 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावे क्रमाने मिळतात. आज 'एसडीबी' असलेला ड्राइव्ह उद्या दुसरा एखादा आधी लावल्यास 'एसडीसी' होतो आणि लिहून ठेवलेली ओळ निरुपयोगी ठरते.

सोय कशी आली?

यूएसबीचे पहिले मानक १९९६ साली जाहीर झाले. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यामध्ये, यूएसबीची भरीव व्यवस्था आली ती जानेवारी २००१ मधील २.४ या आवृत्तीत. पण उपकरण ओळखणे वेगळे आणि ते वापरकर्त्यापुढे सज्ज करून ठेवणे वेगळे. ही दरी भरून काढण्याचे प्रयत्न २००३ पासून जोमाने सुरू झाले. त्या वर्षी ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' हा कार्यक्रम पुढे आणला. नवे उपकरण आल्याची वर्दी कर्नलकडून घेणे आणि त्याला नाव देणे हे त्याचे काम. त्याच वर्षी हॅवॉक पेनिंग्टन यांनी 'हार्डवेअर विनासायास चालले पाहिजे' असा आग्रह धरणारा एक आराखडा मांडला. त्यातून 'हॅल' ही मध्यस्थ व्यवस्था उभी राहिली. २००४ साली ग्नोम या डेस्कटॉपच्या २.८ आवृत्तीसोबत ड्राइव्ह आपोआप जोडण्याची सोय सर्वसामान्यांच्या हाती आली. त्याच वर्षी फायलींच्या रचनेविषयीच्या मानकाने काढता येण्याजोग्या उपकरणांसाठी 'मीडिया' हे फोल्डर राखून ठेवले.

पुढे 'हॅल'चा पसारा वाढला आणि ते सांभाळणे जड जाऊ लागले. २०१० च्या सुमारास ते बाजूला पडले. आज त्याची जागा 'यूडिस्क्स'ने घेतली आहे.

आजची साखळी

आज ड्राइव्ह खोचल्यापासून चिन्ह दिसेपर्यंत चार टप्पे पार पडतात. प्रथम कर्नल उपकरणाशी बोलते, ते साठवणुकीचे साधन आहे हे ओळखते आणि त्याला नाव देते. दुसऱ्या टप्प्यात 'यूडेव्ह' ड्राइव्हवरील पहिले काही भाग वाचून त्यावर कोणती फाइल-रचना आहे, तिचे नाव आणि ओळखक्रमांक काय, याची नोंद करतो. तिसऱ्या टप्प्यात 'यूडिस्क्स' ही नोंद डेस्कटॉपपर्यंत पोहोचवतो. चौथ्या टप्प्यात डेस्कटॉप 'हा ड्राइव्ह माउंट करा' अशी विनंती करतो आणि 'यूडिस्क्स' ती अमलात आणतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माउंट करायचे की नाही, हा निर्णय कर्नलचा नसून डेस्कटॉपचा असतो. ग्नोममध्ये ड्राइव्ह आपोआप जोडला जातो. केडीई या डेस्कटॉपमध्ये सहसा केवळ सूचना झळकते आणि आपण टिचकी मारल्यावर जोडणी होते. आपोआप हवी असल्यास तशी निवड करता येते. डेस्कटॉपच नसलेल्या सर्व्हरवर काहीच होत नाही. तेथे प्रशासकाने स्वतः आज्ञा द्यावी, हेच अपेक्षित असते.

परवानगीचा प्रश्न 'पोलकिट' ही व्यवस्था सोडवते. संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या वापरकर्त्याला काढता येण्याजोगा ड्राइव्ह पासवर्डविना जोडता येतो. दुरून, नेटवर्कवरून आलेल्याला किंवा संगणकातील आतली डिस्क जोडू पाहणाऱ्याला मात्र पासवर्ड विचारला जातो. जोडलेला ड्राइव्ह उबुंटूमध्ये 'मीडिया' फोल्डरात, तर फेडोरामध्ये 'रन' फोल्डरातील 'मीडिया'मध्ये, वापरकर्त्याच्या नावाखाली सापडतो.

अनेक हौशी मंडळी माउंटची आज्ञा थेट 'यूडेव्ह'च्या नियमात लिहू पाहतात. ही वाट टाळावी. ज्या वितरणांत 'सिस्टमडी' आहे, तेथे 'यूडेव्ह' स्वतःच्या वेगळ्या चौकटीत चालतो. त्यामुळे त्याने केलेले माउंट इतर कार्यक्रमांना दिसतच नाही. डेस्कटॉपविना आपोआप जोडणी हवी असल्यास 'यूडिस्की'सारखा छोटा कार्यक्रम वापरणे श्रेयस्कर.

फाइल-रचना आणि देवनागरी नावे

बाजारातील लहान पेन ड्राइव्ह बहुधा 'फॅट ३२' रचनेचे असतात. ही रचना जवळपास सर्वत्र चालते. पण तीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. मोठ्या ड्राइव्हवर 'एक्सफॅट' असते. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली तिचे तपशील खुले केल्यानंतर २०२० मधील ५.७ या कर्नलपासून तिची नवी, भक्कम व्यवस्था लिनक्समध्ये आली. विंडोजच्या 'एनटीएफएस' रचनेसाठी आधी २००७ पासून 'एनटीएफएस-३जी' हा कार्यक्रम होता. २०२१ मधील ५.१५ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच तशी सोय झाली. लिनक्सच्या स्वतःच्या 'ईएक्सटी ४' रचनेत मात्र प्रत्येक फाइलसोबत मालकाचा क्रमांक नोंदलेला असतो. घरच्या संगणकावर तयार केलेल्या अशा ड्राइव्हवर दुसऱ्या संगणकावर 'परवानगी नाही' असा संदेश दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा आणखी एक मुद्दा आहे. फायलींना देवनागरी नावे देणाऱ्यांना पूर्वी लिनक्सवर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसत असे. फॅट रचना लांब नावे युनिकोडमध्येच साठवते. परंतु माउंट करताना 'यूटीएफ-८' हा पर्याय दिला नाही, तर ती नावे पडद्यावर नीट उतरत नाहीत. 'यूडिस्क्स' हा पर्याय आपणहून देतो. हाताने माउंट करणाऱ्यांनी तो विसरू नये.

खिडकी बंद झाली, काम नाही

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे वळू. पेन ड्राइव्हवर लिहिण्याचा वेग कमी असतो. त्यासाठी वापरकर्त्याला ताटकळत ठेवू नये म्हणून लिनक्स मजकूर प्रथम संगणकाच्या स्मृतीत घेते आणि सवडीने ड्राइव्हवर उतरवते. सामान्यतः ३० सेकंद स्मृतीत राहिलेला मजकूर लिहिण्यास काढला जातो. पण ते फक्त लिहिण्यास प्रारंभ करणे होय. सेकंदाला ५ एमबी लिहिणाऱ्या ड्राइव्हवर ६०० एमबी उतरायला दोन मिनिटे लागतात. 'कॉपी'ची खिडकी तोवर कधीच बंद झालेली असू शकते.

'अनमाउंट' किंवा 'सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा उरलेला सारा मजकूर लिहून होईपर्यंत थांबते, फाइल-रचनेच्या नोंदी पुऱ्या करते आणि मगच ड्राइव्ह मोकळा करते. फॅट ड्राइव्हसाठी 'यूडिस्क्स' लवकर लिहिण्याचा 'फ्लश' पर्याय वापरतो, त्यामुळे धोका घटतो. पण तो संपत नाही. प्रत्येक अक्षर तत्काळ लिहायला लावणारा 'सिंक' हा पर्यायही आहे. मात्र त्याने काम फार मंदावते आणि फॅटच्या नोंदी वारंवार लिहिल्याने ड्राइव्ह झिजतो. तेव्हा अनमाउंट करण्याची सवय हाच उत्तम उपाय.

'ड्राइव्ह व्यस्त आहे' असा संदेश आल्यास चिडून तो उपसू नये. त्यावरील एखादी फाइल कोठेतरी उघडी आहे किंवा एखादे टर्मिनल त्याच फोल्डरात उभे आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते बंद केले की वाट मोकळी होते.

सोयीची दुसरी बाजू

जे आपोआप घडते, त्याचा गैरफायदाही घेता येतो. २००८ साली पसरू लागलेल्या 'कॉन्फिकर'ने विंडोजच्या 'ऑटोरन'चा आधार घेतला होता. लिनक्सवर ड्राइव्हवरील कार्यक्रम विचारल्याविना चालवले जात नाहीत; तरीही निश्चिंत राहण्याजोगी स्थिती नाही. २०११ साली जॉन लॅरिमर या संशोधकाने एका परिषदेत दाखवून दिले, की ड्राइव्ह आपोआप जोडून फायलींची लघुचित्रे काढणाऱ्या कार्यक्रमातील दोषाचा वापर करून, कुलूपबंद पडदाही ओलांडता येतो. आज ग्नोम पडद्याला कुलूप असताना लावलेले ड्राइव्ह जोडत नाही. कुलूप उघडेपर्यंत थांबते.

'यूडिस्क्स' प्रत्येक बाहेरचा ड्राइव्ह 'नोसूआयडी' आणि 'नोडेव्ह' या दोन पर्यायांनिशी जोडतो. पहिल्यामुळे ड्राइव्हवरील कार्यक्रमाला प्रशासकाचे अधिकार चोरवाटेने मिळत नाहीत. दुसऱ्यामुळे त्यावरील बनावट उपकरण-फायली निष्प्रभ ठरतात. परंतु २०१४ साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी उघड केलेल्या 'बॅडयूएसबी' प्रकारापुढे हे पर्यायही अपुरे पडतात. त्यात ड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेतो आणि आज्ञा टंकू लागतो. माउंट होण्याचा तेथे प्रश्नच येत नाही. सार्वजनिक संगणक सांभाळणाऱ्यांनी आपोआप जोडणी बंद ठेवावी आणि केवळ ओळखीच्या उपकरणांना प्रवेश देणाऱ्या 'यूएसबीगार्ड'चा विचार करावा. रस्त्यात सापडलेला ड्राइव्ह लावू नये, हे तर सर्वांनाच लागू.

ड्राइव्ह दिसत नसेल तर

प्रथम 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्यावी. तीत ड्राइव्हचे नावच नसेल, तर दोष वायर, खाच किंवा खुद्द ड्राइव्हचा. दुसरी खाच वापरून पाहावी. नाव आहे पण माउंटचे ठिकाण रिकामे आहे, तर 'डीमेसेज'मधील शेवटच्या ओळी वाचाव्यात. 'ड्राइव्ह नीट अनमाउंट केला नव्हता' असा इशारा तेथे अनेकदा सापडतो. अशा वेळी फाइल-रचनेची तपासणी करण्यापूर्वी, वाचता येत असलेला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा. विंडोजने अर्धवट अवस्थेत सोडलेली एनटीएफएस डिस्क लिनक्स नाकारते किंवा केवळ वाचण्यापुरती जोडते. ती विंडोजवरच एकदा तपासून नीट बंद करणे बरे.

बॅकअपची डिस्क कायम लावून ठेवायची असेल, तर 'एफएसटॅब'चा जुना मार्ग आजही उपयोगी आहे. मात्र ओळ 'एसडीबी'सारख्या बदलत्या नावाने न लिहिता डिस्कच्या 'यूयूआयडी' या ओळखक्रमांकाने लिहावी आणि 'नोफेल' हा पर्याय जोडावा. तो नसल्यास, डिस्क लावायची राहिली तर 'सिस्टमडी' असलेला संगणक सुरू होताना सुमारे दीड मिनिट तिची वाट पाहतो आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबतो.

ड्राइव्ह जोडण्याचे काम आता संगणकाने आपल्याकडून काढून घेतले आहे. तो सोडवण्याचे काम मात्र अद्याप आपलेच आहे. ती छायाचित्रे त्या रात्री मूळ संगणकावर शाबूत होती, म्हणून पान वेळेवर गेले. ज्यांच्याकडे मूळ प्रत नसते, त्यांच्यासाठी 'सुरक्षितपणे काढा' ही एक टिचकी म्हणजे कित्येक दिवसांच्या श्रमांची राखण असते.