ठ चा त कुणी केला?

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात दोन नावे कोरलेली आहेत आणि त्यांच्यात जवळजवळ दोन हजार वर्षांचे अंतर आहे. दर्शनी कमानीवरच्या ब्राह्मी दानलेखात दाता आहे वासिठिपुत कटहादि. आत २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून जॉन स्मिथ या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने स्वतःचे नाव खरडले आहे. (आज असे खरडणाऱ्याला दंड होईल, स्मिथला शोधाचे श्रेय मिळाले.) दानलेखात संस्कृत वासिष्ठीतला ष गळून ठ उरलेला दिसतो. ओष्ठाचा ओठ, काष्ठाची काठी याच वाटेने झाली. तोंडी घडलेला बदल असा शब्दामागून शब्द पकडत जातो. ‘अजिंठा’चे ‘अजंता’ मात्र या वाटेने झालेले नाही.

यावर कोणी म्हणेल, महाप्राण सोडण्याची खोड मराठीचीच आहे. प्राकृतातल्या हत्थचा हिंदीत हाथ झाला, मराठीत हात. आक्षेप बिनतोड वाटतो, आणि दोष परक्या भाषेवर ढकलण्याआधी घरात पाहावे हे खरेच. परदेशी वाढलेली कँटोनीज मुले ‘तू’ या अर्थाच्या ‘नेइ’ला ‘लेइ’ म्हणतात, तेव्हा इंग्रजीकडे बोट दाखवणे सोपे असते. पण इंग्रजीत न आणि ल वेगळेच आहेत, आणि हा बदल खुद्द हाँगकाँगमध्ये रुजलेला आहे. हीच कसोटी अजिंठ्याला लावा. हत्थचा हात होताना त दंत्यच राहिला. ठ चा महाप्राण गेला तर ट उरेल, त नव्हे. आणि आठ, ओठ, काठी यांतला ठ तर मराठीने सोडलेलाच नाही. अख्ख्या भाषेत एकाच नावाचे असे व्हावे, तर कारण लिपीत शोधावे लागते. १८०३ च्या इंग्रजी लष्करी पत्रांत इथला घाट ‘अजंटी’सारख्या रूपात येतो; म्हणजे इकार आणि महाप्राण इंग्रजांच्या लेखणीतून तेव्हाच निसटले होते. रोमन टी ट आणि त दोघांनाही चालतो. ते अक्षर पुन्हा देवनागरीत आणणाऱ्याने त निवडला.

रूढ झाले ते शुद्ध, असाही युक्तिवाद होतो. १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीतही रोमन रूपच गेले. रूढ आहे हे मान्य. पण त्याला मराठीचा ध्वनिबदल म्हणू नये. ते वाचनातून जन्मलेले दुसरे नाव आहे. मनमाडहून सुटणारी गाडी अजंता एक्सप्रेस आहे, आणि सिल्लोड तालुक्यातले गाव अजिंठाच.