थर्माकोलचं नाव घेतलेली गायिका



गणपतीच्या मखराला आपण पूर्वी थर्माकोल आणायचो, आठवतं ना? त्याचं कारखान्यातलं नाव पॉलिस्टायरीन. लंडनच्या एका मुलीने हेच नाव स्वतःला लावून घेतलं. पॉली स्टायरीन. टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टरीतून शोधून काढलं. गाणारी माणसं बाजाराला हलकी, वापरून फेकायची वस्तू वाटतात, मग नावही तसंच असू दे, असा तिचा टोमणा.

तिची गोष्ट आज सांगते, कारण तिच्या आजाराला चुकीचं नाव दिलं गेलं, आणि ते निस्तरण्यात तिच्या आयुष्याची तेरा वर्षं गेली.

खरं नाव मॅरियन एलियट-सईद. जन्म १९५७ चा. वडील सोमालियाचे. आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात आईनेच तिला वाढवलं. पंधराव्या वर्षी खिशात तीन पौंड घेऊन पोरगी घराबाहेर पडली. मिळेल त्या गाडीला हात करायचा, गाण्याचे मेळे बघत फिरायचं. एकदा ओढ्यात आंघोळ करताना गंजका खिळा पायात घुसला, रक्तात विष पसरलं, आणि फिरणं थांबलं.

३ जुलै १९७६, तिचा एकोणिसावा वाढदिवस. हेस्टिंग्ज गावी समुद्राच्या धक्क्यावर तिने ‘पंक’ गाणं ऐकलं. पंक म्हणजे चार सूर वाजवता आले तरी पुरे, पण मनात आहे ते मोठ्याने सांगायचं. तिने पेपरात जाहिरात देऊन बँड जमवला, एक्स-रे स्पेक्स. लोरा लॉजिक नावाची शाळकरी मुलगी त्यात सॅक्सोफोन वाजवायची. पॉली दाताला तारा लावून, भडक कपड्यांत स्टेजवर यायची. गोरीगोमटी बाहुली व्हायला ती तयार नव्हती. मला कुणी तसं बनवायला गेलं तर डोकं भादरीन, म्हणाली होती. पुढे भादरलंही. गाण्यांत काय, तर प्लास्टिक, जाहिराती, खरेदीचं वेड. हे १९७७-७८ मध्ये! आपल्याकडे ओढ्यात पिशव्या तुंबायला लागल्यावर आपण बोलायला लागलो.

१९७८ मध्ये ‘जर्मफ्री अ‍ॅडोलसेंट्स’ ही तिची रेकॉर्ड आली. त्याच वर्षी दौऱ्यावर असताना, डॉनकास्टर गावच्या कार्यक्रमानंतर, तिला आकाशात गुलाबी गोळा दिसला. वस्तूंना हात लावला की तडतडल्यासारखं वाटायचं. दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, स्किझोफ्रेनिया आहे, आता हिला पुन्हा काम जमायचं नाही.

तेव्हा वय एकवीस.

खरा आजार बायपोलर होता, हे १९९१ मध्ये कळलं. यात काही दिवस डोक्यात वारं भरल्यासारखा उत्साह, झोप नको, जेवण नको. मग असे दिवस येतात की अंथरुणातून उठवत नाही. आमच्या गटातल्या एक ताई पहाटे तीनला अंगण सारवायला बसायच्या. सगळे म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे. तालुक्याला दाखवायला आम्ही सहा महिने लावले, त्यात मीही होते. म्हणून लंडनच्या डॉक्टरांना बोल लावताना माझी जीभ जरा अडखळते.

१९७९ मध्ये बँड मोडला. पण काम जमणार नाही म्हणणाऱ्यांचं तिने ऐकलं नाही. १९८० मध्ये एकटीने रेकॉर्ड काढली, ‘ट्रान्सलुसन्स’. शांत, आधीपेक्षा अगदी वेगळी. ओरडणाऱ्या पॉलीची सवय झालेल्यांना ती रुचली नाही. १९८१ मध्ये मुलगी झाली, सेलेस्ट. पुढे हरे कृष्ण पंथात गेली, लेकीला घेऊन त्यांच्या मंदिरात राहिली. आजार मात्र सोबत होताच. शेवटी लेक आजीकडे वाढली. ही सगळ्यात अवघड जागा, आणि इथे कोण चुकलं हे मला ठरवता येत नाही.

मार्च २०११ मध्ये तिची शेवटची रेकॉर्ड आली, ‘जनरेशन इंडिगो’. तोवर स्तनाचा कॅन्सर मणक्यात आणि फुप्फुसात पोचला होता. २५ एप्रिलला ती गेली, त्रेपन्नाव्या वर्षी.

२०२१ मध्ये सेलेस्टने आईवर चित्रपट केला, दुसऱ्या एका दिग्दर्शकाच्या सोबतीने. त्यात ती नुसतं कौतुक करत नाही. लहानपणी आपल्याला काय सोसावं लागलं, आईचा राग कसा आला, तेही सांगते, आणि आईची गाणीही ऐकवते.