पंचगंगेकांठचें पोलिश प्रार्थनामंदिर

मिरजेहून कोल्हापुरास जाणाऱ्या लोहमार्गावर, कोल्हापुराच्या अलीकडे वळिवडे नांवाचें गांव आहे. १९४३ पासून १९४८ पर्यंत येथील माळावर सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत नांदत होती, हें ऐकून अनेक श्रोत्यांना नवल वाटेल. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें. पुरुष सैन्यांत गेलेले, नाहीं तर रशियांत दगावलेले.

१९४० व १९४१ सालीं सोव्हिएट सरकारनें पूर्व पोलंडांतील जीं कुटुंबें सैबेरियांत व कझाकस्तानांत हद्दपार केलीं, त्यांपैकींच हीं माणसें. १९४१ मध्यें सुटका झाल्यावर तीं इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं. कोल्हापूर संस्थानच्या भूमीवर त्यांना बांबूच्या तट्ट्यांच्या कौलारू बराकी मिळाल्या. शाळा, रुग्णालय, चित्रपटगृह यांची सोय झाली. छातीनें अशक्त मुलांस सातारा जिल्ह्यांतील पांचगणीस ठेवीत.

परंतु वसाहतीचा प्राण होतें तें रोमन कॅथॉलिक प्रार्थनामंदिर. याचें कारण केवळ भाविकपणा नव्हे. १७९५ मध्यें रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं पोलंडचें उरलेलें राज्य वांटून घेतलें, तें १९१८ पर्यंत परत आलें नाहीं. त्या १२३ वर्षांत भाषेला व राष्ट्रभावनेला मोठा आसरा मिळाला तो चर्चचा. राज्य गेलें तरी देऊळ राहतें, ही शिकवण आजीकडून नातवाकडे आली होती. येथील बालवीरांचे नेते झिस्लाव पेश्कोव्स्की हे कॅटिनच्या हत्याकांडांतून बचावलेले लष्करी अधिकारी. १९५४ मध्यें तेही धर्मगुरु झाले.

नाताळच्या आदल्या रात्रीं पातळ पापुद्र्यासारखी पोळी मोडून एकमेकांस द्यावयाची व अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठीं एक ताट रिकामें मांडावयाचें, अशी पोलिश चाल आहे. ज्या बराकींत बाप परतला नव्हता, तेथें त्या ताटाकडे पाहण्याची दृष्टि निराळीच असणार.

१९४५ मध्यें युद्ध जिंकलें, पण पूर्व पोलंड सोव्हिएट हद्दींतच राहिला. ज्यांच्या बाजूनें लढलें त्या मित्रराष्ट्रांनींच ही वांटणी मान्य केली, हा घाव जबर होता. कांहीं थोडीं पोलंडला परतलीं. पुष्कळांनीं इंग्लंडची वाट धरली. रिकाम्या बराकींत फाळणीनें बेघर झालेलीं सिंधी कुटुंबें आलीं आणि माळाचें गांधीनगर झालें. वॉर्सा शहरांत २०१७ मध्यें कोल्हापुराचें स्मारक उभें राहिलें. इकडे कोल्हापुरच्या ख्रिस्ती दफनभूमींत पोलिश नांवांच्या कबरी आहेत.