आकाशांतून आलेली शाळा

गोंदिया शहरास लागून फुलचूर नांवाचें गांव आहे. शहराची वस्ती वाढतां वाढतां त्याच्या शिवारापर्यंत येऊन ठेपली, तरी बांधींतलें धान आणि रोवणीचा हंगाम यांचा या बाजूच्या जीवनाशीं असलेला संबंध सुटलेला नाहीं. गोंदियाहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी डोंगरगड, राजनांदगांव, दुर्ग अशीं स्थानकें घेत रायपुरास पोहोंचते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच प्रांतांत होता. त्या वर्षीं भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १९९९ मध्यें त्यांतून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा निघाला. सीमारेषांची ही हकीकत आम्हीं मुद्दाम सांगितली. आमच्या विषयाशीं तिचा निकट संबंध आहे. ऑनलाइन शिक्षणाचा इतिहास लिहावयास बसलेले बहुतेक लेखक २०२० सालच्या टाळेबंदीपासून आरंभ करितात. फारच मागें गेले तर संगणकापर्यंत जातात. आमच्या मतें या इतिहासाचें पहिलें पान १९७५ सालचें असून, तें फुलचूरपासून आगगाडीनें कांहीं तासांच्याच अंतरावर लिहिलें गेलें.

१ ऑगस्ट १९७५ रोजीं उपग्रहाच्या द्वारें शिक्षण देण्याचा एक मोठा प्रयोग भारतांत सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'साइट' असें म्हणत. 'एटीएस-६' हा उपग्रह अमेरिकेचा, एका वर्षाच्या बोलीवर मिळालेला. जमिनीवरची व्यवस्था मात्र आपल्या शास्त्रज्ञांनीं उभारलेली. सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत सार्वजनिक दूरचित्रवाणी-संच बसविण्यांत आले, आणि कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीच्या मोठ्या छत्र्या त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या. सकाळीं शाळेंतील मुलांकरितां पाठ, सायंकाळीं सर्व गांवाकरितां शेती, आरोग्य आणि करमणूक. तत्कालीन मध्यप्रदेशांतील रायपूरकडचीं खेडीं या योजनेंत होतीं. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. वीस वर्षांपूर्वी नकाशावरची रेघ थोडी पश्चिमेस सरकली असती, तर कदाचित् फुलचूरच्या मुलांनींही त्या छत्रीखालीं बसून पहिला पाठ पाहिला असता!

या प्रयोगाचें मोजमाप करणाऱ्या मंडळींची एक गोष्ट आम्हांस फार आवडते: त्यांनीं फळ वाढवून सांगितलें नाहीं. मुलांची भाषा सुधारली, निरनिराळ्या वाटांनीं माहिती मिळविण्याची त्यांची ओढ वाढली, असें त्यांस दिसलें. परंतु शाळेच्या नेहमींच्या अभ्यासांत म्हणण्यासारखी प्रगति दिसली नाहीं, हेंही त्यांनीं स्पष्ट लिहून ठेविलें. आमच्या दृष्टीनें त्या वर्षांतील सर्वांत विचार करण्याजोगें काम मुलांसाठीं नव्हतेंच, तें शिक्षकांसाठीं होतें. १९७५ च्या ऑक्टोबरांत आणि पुन्हा १९७६ च्या उन्हाळ्यांत मिळून पन्नास हजारांच्या घरांत प्राथमिक शिक्षकांस या मार्गानें विज्ञान शिकविण्याचें शिक्षण देण्यांत आलें. बारा दिवसांच्या त्या वर्गांत पडदा होता खरा; पण त्याबरोबर रेडिओवरील भाषणें होतीं, छापील टिपणें होतीं, हातानें करावयाचे प्रयोग होते, आणि मुख्य म्हणजे अडलेलें समजावून सांगणारा एक मार्गदर्शक प्रत्येक केंद्रावर हजर होता. पडदा हा अनेकांतला एक, एवढेंच त्याचें स्थान. ३१ जुलै १९७६ रोजीं मुदत संपली आणि उपग्रह परत गेला. पुढें जमिनीवरील प्रक्षेपणानें कांहीं गांवांची सोय झाली. इतर गांवांतील संच मुके झाले. शिकून गेलेले शिक्षक मात्र आपापल्या वर्गांत राहिले.

महाराष्ट्राच्या वांट्यास पुढें जें आलें तें थोडक्यांत सांगतां येईल. १९८४ मध्यें पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली. मुलांकरितां मराठींतून कार्यक्रम करून ते दूरदर्शनवर दाखविण्याचें काम तिनें कित्येक वर्षें केलें, आणि २०१७ मध्यें ती बंद झाली. ज्या पिढीनें ते कार्यक्रम पाहिले तिनें या बातमीवर फारशी हळहळ केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याच २०१७ सालच्या शिक्षकदिनीं केंद्र शासनानें 'दीक्षा' हें ऑनलाइन व्यासपीठ सुरू केलें. एक दुकान उठलें, दुसरें बसलें!

या यंत्रपुराणांत एक प्रकरण मात्र निराळें आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी या वस्तीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ मध्यें आले. वर्गांतील पुष्कळ मुलांची घरची भाषा कानडी, आणि पुस्तक मराठी! त्यांनीं प्रथम काय केलें? यंत्र विकत घेतलें नाहीं. ते कानडी शिकले. पहिली ते चौथीचीं पुस्तकें त्यांनीं मुलांच्या भाषेंत उतरविलीं आणि पानापानांवर क्यूआर कोडाचे काळे-पांढरे चौकोन छापले. मोबाइल त्या चौकोनासमोर धरतांच कविता ऐकूं येई, चित्र हालूं लागे. पुढें महाराष्ट्राच्या सर्व पाठ्यपुस्तकांत हे चौकोन आले. पडद्यावरून परदेशच्या शाळांशीं बोलण्याचा आणि दूरचीं स्थळें पाहण्याचा उपक्रमही त्यांनीं केला. २०२० मध्यें त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरांपैकीं अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. वर्तमानपत्रांनीं चौकोनांची स्तुति पुष्कळ केली. कानडीची गोष्ट एखाद्या ओळींत उरकली.

त्याच वर्षीं टाळेबंदी आली. मार्च २०२० मध्यें शाळा मिटल्या आणि जें साधन आजवर शाळेच्या जोडीला होतें तेंच शाळा होऊन बसलें. दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. घरांतल्याच वस्तूंनीं करून पाहण्याच्या कृतींवर तिचा भर होता, हें तिच्या कर्त्यांचें शहाणपण. पण बाकीचा बहुतेक अभ्यास फोनवर येई. 'असर' या पाहणीप्रमाणें भारताच्या ग्रामीण भागांत शाळकरी मुलांपैकीं ज्यांच्या घरीं स्मार्टफोन आहे अशांचें प्रमाण २०१८ मध्यें शेंकडा ३६.५ होतें, तें २०२० मध्यें ६१.८ आणि २०२१ मध्यें ६७.६ झालें. हा आंकडा पाहून आनंद मानणारांनीं त्याच पाहणींतील दुसरा आंकडा वाचावा: घरीं फोन असूनही तो वापरावयास न मिळणारीं मुलें शेंकडा २६ होतीं. रोवणीच्या दिवसांत घरांतला एकुलता एक फोन कोणाबरोबर बांधीवर जातो, हें धानाच्या मुलखांतील वाचकांस सांगावयास नको. तिसरींत असून दुसरीचा पाठ वाचूं शकणारीं मुलें २०१८ मध्यें शेंकडा २७.३ होतीं, २०२२ मध्यें तीं २०.५ वर आलीं. शाळा उघडून वर्ग पुन्हा नीट भरूं लागल्यावर, २०२४ मध्यें, तोच आंकडा २७.१ झाला.

आतां आभासी जगाची हाक कानीं येत आहे. डोळ्यांवर चष्म्यासारखें यंत्र चढविलें कीं मूल हृदयाच्या कप्प्यांत किंवा शनीच्या कड्यांजवळ उभें राहतें. २००९ पासूनच्या केंद्रीय मोहिमेंतून निघालेल्या आभासी प्रयोगशाळांत तर असला चष्माही लागत नाहीं. साध्या संगणकावर प्रयोग करून पाहतां येतो. जेथें परीक्षानळीचेंही दर्शन नाहीं अशा शाळेस हा लाभ लहान नव्हे, आणि त्याची कुचेष्टा करणें आम्हांस मान्य नाहीं. शनि फुलचुरांत आणतां येणार नाहीं. तो पडद्यावरच पाहिला पाहिजे. पण धानाचें बीं कसें रुजतें हें दाखविण्यास चष्मा चढविणें म्हणजे तळ्याकाठीं बसून पाण्याचें चित्र पाहणें होय.

याहून कठीण प्रश्न भाषेचा आहे. गोंदिया जिल्ह्यांत मुलांच्या घरीं पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, झाडीबोली अशा कितीतरी बोली ऐकूं येतात. ध्वनिमुद्रित पाठ प्रमाण मराठींत बोलतो, उत्तम बोलतो, आणि थांबत नाहीं. मुलाच्या कपाळावरची आठी पाहून तोच शब्द पोवारींत सांगणारा कोणी शेजारीं असेल तर तो पाठ पुढें सरकतो. नसेल तर नुसता संपतो. परितेवाडीस एका शिक्षकास एका भाषेसाठीं चार इयत्तांचीं पुस्तकें उतरवावीं लागलीं. येथें तें काम चार बोलींचें आहे, आणि त्यासाठीं लागणारे लोक पुण्या-मुंबईहून यावयाचे नाहींत. ते याच जिल्ह्यांतील शाळांत आज हजेरीपट भरीत बसले आहेत.