विद्युतचुंबकीय स्पंदापासून घरगुती उपकरणांचे संरक्षण

विद्युतचुंबकीय स्पंद म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्राचा अत्यल्प काळ टिकणारा तीव्र झटका होय. जवळ वीज कोसळल्याने किंवा अतिउंचीवर अणुस्फोट झाल्याने तो निर्माण होतो. त्यामुळे तारांमध्ये अचानक उच्च विद्युतदाब उत्पन्न होऊन त्यांना जोडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे निकामी होऊ शकतात.

पार्श्वभूमी
९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ‘स्टारफिश प्राइम’ हा अणुस्फोट घडवला. सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवरील काही पथदिवे त्यामुळे बंद पडले. सौर उद्रेकांमुळे होणारी भूचुंबकीय वादळे तुलनेने मंद असतात. सप्टेंबर १८५९ मधील अशा प्रचंड वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. त्यांचा धोका मुख्यतः लांब पारेषण वाहिन्यांना असतो, घरातील सुट्या उपकरणांना नव्हे.

फलटण परिसरातील धोका
सातारा जिल्ह्यातील फलटण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचा पाऊस तसेच परतीचा पाऊस येथे अनेकदा विजांच्या कडकडाटासह येतो. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने स्पंदाचे हेच प्रत्यक्षात संभवणारे कारण आहे. वीज थेट घरावर न पडताही वीजपुरवठ्याची तार, डिश अँटेनाची केबल किंवा दूरध्वनीची तार यांतून झटका आत येतो. विहिरीवरील पंपाचे मोबाईल स्टार्टर लांब उघड्या तारांना जोडलेले असल्याने त्यांनाही हा धोका असतो.

घरगुती आवरण
मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये दाखवून दिले की, धातूच्या बंदिस्त पिंजऱ्यावरील विद्युतभार बाहेरील पृष्ठभागावरच राहतो. या तत्त्वानुसार घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा सुट्या रेडिओचे किंवा मोबाईलचे काही प्रमाणात रक्षण करतो. वस्तू धातूला टेकू नये म्हणून आत पुठ्ठ्याचे अस्तर लावतात. आवरणाच्या जाडीपेक्षा सांध्यांतील फटी अधिक घातक असतात, कारण उच्च वारंवारतेच्या लहरी त्यांतून आत शिरतात. झाकणाच्या कडेचा रंग खरवडून धातूला धातू टेकवल्यास फट कमी होते. डब्यात ठेवलेल्या मोबाईलची घंटी वाजत नसली, तरी तीव्र स्पंदापासून पूर्ण संरक्षण मिळेल असे सिद्ध होत नाही.

मर्यादा व परिणामकारक उपाय
डब्यातून एक जरी तार बाहेर गेली, तरी स्पंद तिच्यावाटे आत पोहोचतो. त्यामुळे वापरात असलेल्या दूरदर्शन संचाला किंवा फ्रिजला असे आवरण उपयोगी पडत नाही. त्यांच्यासाठी मुख्य वीजफलकावर सर्ज संरक्षक व योग्य अर्थिंग आवश्यक असते. अर्थिंगसाठी ‘आयएस ३०४३’ हे भारतीय मानक आहे. अर्थिंग सदोष असल्यास सर्ज संरक्षकाचा अपेक्षित उपयोग होत नाही.

वादळ येण्यापूर्वीच प्लग व अँटेनाची केबल काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. विजा चमकू लागल्यावर मात्र तारांना हात लावणे जिवावर बेतू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांची सूचना देते.