वेशीवरचा पहारा

तारायंत्राच्या काळीं ‘अर्जंट’ तार करणाऱ्यास जास्त दर द्यावा लागे. त्या दरामुळें तार लवकर पोहोंचे. शिवाय प्रत्येक जण आपली तार अर्जंट म्हणून धाडीत नसे. निकडीला किंमत होती, म्हणूनच निकडीला अर्थ होता. संगणकांच्या जाळ्याला हा साधा धडा गिरविण्यास सुमारें दीड तप लागलें.

इंटरनेटवरील संदेशवहनाचे मूळ नियम सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झाले. या जाळ्यांत संदेशाचे तुकडे करून धाडतात. त्या तुकड्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या शिरोभागीं सेवेचा प्रकार लिहिण्याकरितां आठ बिटांची जागा राखलेली होती. तींतील पहिल्या तीन बिटांनीं निकडीच्या आठ पायऱ्या दाखवितां येत: तळाशीं ‘रूटीन’, वर ‘प्रायॉरिटी’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ आणि पुढें. ही पद्धत अमेरिकन लष्कराच्या संदेशव्यवहारांतली. लष्करांत कोणता संदेश ‘फ्लॅश’ व्हावा हें शिस्तीनें ठरे. जाळ्यांत मात्र पाठविणारा वाटेल ती पायरी लिहूं शके, आणि ती खरी कीं खोटी हें पाहणारा कोणी नव्हता. परिणामीं बहुतेक ठिकाणीं त्या जागेकडे लक्षच दिलें गेलें नाहीं.

ऑक्टोबर १९८६ मध्यें संकट आलें. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील अंतर अवघें ४०० यार्ड. तेवढ्या वाटेवर दर सेकंदास ३२,००० बिट जात, ते एकदम ४० वर आले. गर्दींत पॅकेट हरवलें कीं यंत्र तें पुन्हा धाडी, आणि त्यायोगें गर्दी आणखीच वाढे. व्हॅन जेकब्सन व मायकेल कॅरल्स यांनीं १९८८ सालीं यावरील उपाय प्रसिद्ध केला: पॅकेट हरवलें तर पाठविणाऱ्यानेंच हात आंखडता घ्यावा. उपाय उत्तम होता; परंतु तो पाठविणाऱ्याच्या सद्बुद्धीवर विसंबून होता.

त्याच सुमारास अमेरिकेच्या एन्. एस्. एफ्. नेट या जाळ्याच्या ५६,००० बिटांच्या तारा तुंबल्या. तेथील ‘फझबॉल’ नांवाच्या राउटरांचे कर्ते डेव्हिड मिल्स यांनीं, दूरच्या संगणकावर बसल्या जागीं काम करणाऱ्यांच्या पॅकेटांस पुढें जाऊं देण्याची सोय केली. मोठ्या फायली मागें राहिल्या. या सोयीचा गाजावाजा मुळींच झाला नाहीं. झाला असता तर प्रत्येकानें आपल्या पॅकेटांस तोच वेष चढविला असता.

पहाऱ्याची कल्पना ऑक्टोबर १९८६ मध्येंच जोनाथन टर्नर यांनीं मांडली होती: प्रत्येक वापरणाऱ्यामागें एक गणकयंत्र ठेवावें, पॅकेट आलें कीं आंकडा वाढावा, वेळ जाईल तसा तो उतरावा, आणि मर्यादा ओलांडणारें पॅकेट टाकून द्यावें. हीच पुढें ‘गळकी बादली’ म्हणून प्रसिद्ध झाली. डिसेंबर १९९८ मध्यें ‘डिफ्सर्व्ह’ ही रचना आली, तिनें खूण आणि पहारा यांची सांगड घातली: खूण करावी, परंतु वेशीवर मोजूनच ती मान्य व्हावी. १९९९ सालच्या नियमांत पॅकेटांस हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन रंग देण्याची रीत सांगितली.

आजच्या स्विचवर हा पहारा बसविणारा दोन आंकडे ठरवितो: दर आणि बादलीचा आकार. दर सेकंदास १० लाख बिटांचा दर दिला, तर बादलींत सेकंदाला १,२५,००० बाइटांचीं टोकनें पडतात. १,५०० बाइटांच्या पॅकेटास त्यांतील १२ मिलिसेकंदांची पुंजी खर्चावी लागते. पुंजी नसेल तर पॅकेट टाकलें जातें, किंवा त्याची पायरी उतरविली जाते. बादलीच १,५०० बाइटांहून लहान ठेवली, तर दर कितीही उदार असो, तें पॅकेट कधींच पार होणार नाहीं. ती थोडीशीच मोठी ठेवली, तर एकदम येणाऱ्या पॅकेटांच्या झुंडी कापल्या जातात, पाठविणारा पुनःपुन्हा माघार घेतो, आणि ठरलेला दर त्याच्या पदरांत पडत नाहीं.

ही भीति काल्पनिक नव्हे. गूगल व सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ येथील संशोधकांनीं २०१६ सालीं जगभरची मापनें प्रसिद्ध केलीं. पहारा बसलेल्या प्रवाहांत पॅकेटें हरवण्याचें प्रमाण इतरांच्या मानानें सरासरी सहापट आढळलें. जास्तीचें पॅकेट टाकण्याऐवजीं क्षणभर रांगेंत थांबविण्याची ‘शेपिंग’ ही सौम्य रीत आहे. परंतु रांगेस स्मरणशक्ति लागते, आणि संभाषणांतला शब्द फार उशिरां पोहोंचला तर निरुपयोगी ठरतो.

पहारा नसेल तर अग्रक्रमाची खूण पोकळ होते. आंधळा असेल तर तो प्रामाणिक वाटसरूसच अडवितो. मिल्स यांची सोय गुप्त राहिली तोंवरच चालणारी होती. आजचा दर व बादलीचा आकार करारांत लिहून देतां येतो, आणि ज्याच्या पॅकेटांवर तो लागू होतो त्यास तो पडताळून पाहतां येतो. वेशीवरील पहारेकऱ्याला मिळालेला अधिकार न्याय्य ठरतो तो एवढ्याचमुळें.