हँडल ते इमोबिलायझर : मोटारीच्या आरंभयंत्रणेचा इतिहास आणि इंजिन बदलल्यानंतरचे दोषनिदान

प्रस्तावना :
मोटारीच्या इतिहासलेखनात इंजिन, वेग आणि कारखानदारी यांना मोठे स्थान मिळाले. इंजिन सुरू करण्याच्या क्रियेकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. महाराष्ट्रातील गॅरेजांत ज्याला 'सेल्फ' म्हणतात, त्या स्टार्टर मोटरचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. जुने इंजिन काढून दुसरे बसविलेल्या गाडीत चावी फिरविल्यावर इंजिन जागचे हलतच नाही, ही तक्रार कारागिरांना परिचित आहे. अशा वेळी आधी बॅटरी, मग सेल्फ, मग वायरिंग असे एकेक बदलत जाण्याकडे कल असतो. त्यात मालकाचा पैसा खर्च होतो, कारागिराची पत जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. आरंभयंत्रणा ज्या टप्प्यांनी घडली ते टप्पे ध्यानात घेतल्यास दोषाचा शोध क्रमाने घेता येतो, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

हँडलचा काळ :
विसाव्या शतकाच्या प्रारंभी पेट्रोल मोटार हँडल मारून सुरू केली जाई. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मारणाऱ्याचे मनगट किंवा हात मोडे. मात्र या पद्धतीत एक ज्ञानही होते. इंजिन मोकळे आहे, जड आहे की अडकले आहे, हे हाताला थेट कळत असे.

केटरिंग यांचा स्टार्टर :
हेन्री लेलँड यांच्या कॅडिलॅक कंपनीसाठी चार्ल्स केटरिंग यांनी ओहायो राज्यातील डेटन येथे विजेचा स्टार्टर सिद्ध केला. बायरन कार्टर या मोटार उत्पादकाचा हँडलच्या झटक्याने मृत्यू झाल्याने लेलँड यांनी हे काम हाती घेतले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु कार्टर यांचे निधन १९०८ मध्ये झाले, तर कथेत हा अपघात सामान्यतः १९१० च्या सुमारास घडल्याचे सांगितले जाते. त्यामुळे ही कथा सावधपणेच स्वीकारावी लागते.

केटरिंग यांनी पूर्वी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत विजेवर चालणारे गल्ल्याचे यंत्र तयार केले होते. लहान मोटरकडून अल्पकाळ मोठे काम घेता येते, हा तेथील अनुभव येथे उपयोगी पडला. १९१२ च्या कॅडिलॅक मॉडेलमध्ये ही यंत्रणा आली आणि १९१५ मध्ये केटरिंग यांना तिचे पेटंट मिळाले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत विजेचा स्टार्टर १९१९ मध्ये उपलब्ध झाला.

अटींची वाढ :
यानंतरच्या काळात आरंभाच्या क्रियेला नवनव्या अटी जोडल्या गेल्या. १९४० च्या मॉडेलवर्षासाठी ओल्ड्समोबिलने हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला. स्वयंचलित गाड्यांत गिअर 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'मध्ये असल्याशिवाय सेल्फ लागू नये, यासाठी सुरक्षा स्विच रूढ झाला. १९४९ मध्ये क्रायस्लरने चावी फिरवूनच इंजिन सुरू करण्याची सोय दिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात नव्या मोटारींना इमोबिलायझर बंधनकारक झाला. अनेक गाड्यांत चावीची ओळख पटल्याखेरीज सेल्फला आज्ञाच मिळत नाही. हँडलच्या काळी माणूस आणि इंजिन यांचा संबंध थेट होता. आता त्यांच्यामध्ये बॅटरी, चावी, स्विच, रिले, सोलेनॉइड आणि संगणक अशी साखळी उभी राहिली.

इंजिनबदल आणि दोषनिदान :
अमेरिकेतील हॉट रॉड परंपरेत इंजिनबदलाला मोठी चालना मिळाली. १९५५ चे शेवरले व्ही-८ इंजिन अनेक परक्या गाड्यांत बसविले गेले. इंजिन बदलताना साखळीतील अनेक दुवे एकाच वेळी सुटतात. म्हणून प्रथम 'इंजिन फिरत नाही' आणि 'फिरते पण सुरू होत नाही' या दोन तक्रारींत भेद करावा लागतो. पहिलीत इंधन वा ठिणगीचा शोध व्यर्थ ठरतो.

यानंतर आवाजाकडे लक्ष द्यावे. चावी फिरविल्यावर काहीच आवाज नसेल, तर सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर बॅटरीइतका दाब येतो का, हे मोजावे. येत नसल्यास दोष चावी, रिले, न्यूट्रल किंवा क्लच स्विच अथवा इमोबिलायझर यांत असतो. दाब येऊनही आवाज नसेल, तर सोलेनॉइड किंवा त्याची अर्थिंग संशयास्पद ठरते.

एकच 'टक' आवाज येऊन इंजिन स्थिर राहिल्यास आज्ञा पोहोचलेली असते. तेव्हा बॅटरी, मोठ्या तारा, अर्थिंग, सेल्फ आणि खुद्द इंजिन तपासावे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते. त्यामुळे इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी जोडायची राहिली, तर विजेची परतीची वाट तुटते. काही वेळा ती वीज गिअर वा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते आणि केबल तापते.

येथे केवळ तार अखंड आहे का, हे पाहणे पुरेसे नाही. ०.०२ ओहमचा अल्प रोधही १५० अँपिअरला ३ व्होल्ट खातो. म्हणून चावी फिरवलेली असताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिनचा ब्लॉक यांमधील दाब मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास अर्थिंगची वाट सदोष समजावी.

वीज व्यवस्थित असूनही इंजिन हलत नसेल, तर क्रँकच्या पुलीला पाना लावून ते हाताने फिरवून पाहावे. नीट न बसलेला टॉर्क कन्व्हर्टर किंवा फ्लायव्हीलच्या दातांशी न जुळणारा सेल्फ अशा वेळी उघड होतो. हँडलच्या काळी हाताला मिळणारे ज्ञान या चाचणीत पुन्हा उपयोगी पडते.

निष्कर्ष :
१. आरंभयंत्रणेच्या विकासाने माणसाचे हात सुरक्षित झाले, परंतु इंजिनविषयीचे हाताचे प्रत्यक्ष ज्ञान झाकले गेले.
२. इंजिनबदलानंतरचा दोष बहुधा एखाद्या भागापेक्षा भागांमधील संबंधात असतो. म्हणून बदलण्याआधी मोजणे हाच योग्य क्रम होय.
३. कोणती अट केव्हा व कशासाठी जोडली गेली, हे ठाऊक असलेला कारागीर तुटलेला दुवा लवकर शोधतो. म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासाला व्यवसाय शिक्षणाच्या अभ्यासक्रमात स्थान मिळणे आवश्यक आहे.